महारोगी : अर्थ, उगम, उदाहरण

४ जानेवारी

ताई, नमस्कार.

नव्या वर्षाचं कार्ड सोडून माझ्याकडून काही आलेलं बघून तू पाकीट दोनदा उलटंपालटं करशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझी साखर चढलेली असते आणि खुर्चीवर रबराची रिंग ठेवल्याशिवाय बसवत नाही, पण त्याचं आता काही कौतुक राहिलेलं नाही.

काम असं आहे. आमच्या शब्दकोशाची नवी आवृत्ती निघतेय आणि निवृत्त झालो तरी मंडळाने ‘म’ माझ्याच गळ्यात ठेवलाय. ‘महाराज’ हातावेगळा केला, ‘महाल’ कालच तपासला. मधे अडकून बसलाय तो ‘महारोगी’. आमची पद्धत अशी की प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असतं. त्यावर अर्थ, उगम आणि खऱ्या माणसाच्या तोंडून आलेलं एक वाक्य. वाक्य नसेल तर कार्ड छपाईला जात नाही. बैठकीत विचारलं, हे वाक्य कोण आणणार? मी म्हणालो, माझ्या ओळखीत एक व्यक्ती आहे, तिला विचारतो.

तर हा शब्द तुम्ही लोक आपसात वापरता का? कसा वापरता? रागाने, गमतीने, की वापरतच नाही? संकोच न करता लिही. शास्त्राचं काम आहे.

हिचा नमस्कार. ही थोडी घाबरट आहे हे तू जाणतेसच, नाहीतर तुला केव्हाच बोलावलं असतं. मुलगा नोकरीला गेल्यापासून वरची खोलीही रिकामीच पडलीय.

तुझा भाऊ

१५ जानेवारी

पोपटा,

‘ओळखीत एक व्यक्ती’! अरे, तू पाच वर्षांचा होईपर्यंत तुझं नाक मी पुसलंय. बरं, व्यक्ती तर व्यक्ती. माणसांत धरलंस हेही नसे थोडके.

तुझा शब्द. आम्ही आपसात तो वापरत नाही. आम्ही ‘पेशंट’ म्हणतो. मला बरं होऊन तीस वर्षं झाली, तरी पेशंटच. चपलांच्या शेडवर माझ्या हाताखाली सहा जण आहेत, त्यांना कुणी कामगार म्हणत नाही, तेही पेशंट. एकदा साहेब पाहुण्यांना म्हणाले, ‘या आमच्या सगळ्यात जुन्या पेशंट, चपला फार सुरेख करतात.’ पाहुण्यांनी चपला लांबूनच बघितल्या आणि सुरेख आहेत म्हणाले.

‘महारोगी’ आम्ही बाहेरून ऐकतो. बसमध्ये ऐकला, बाजारात ऐकला. पण पहिल्यांदा ऐकला तो घरी. मी पंधरा वर्षांची होते. काकू दारातून आईला म्हणाली, ‘ती महारोगी मुलगी स्वयंपाकघरात कशाला?’ मी तेव्हा कणीक मळत होते. आईने ती परात माझ्या हातातून काढून घेतली. घे तुझं वाक्य. कार्डावर बसतंय का बघ, लांब झालं असेल तर कणीक काढून टाक.

आता माझं काम. तुला साखर आहे ना? मग पातळ तळाच्या चपला घालू नकोस. एका कागदावर उभा राहा, पायाभोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद पाठव. मऊ रबराची जोडी करून देते. आमच्या पायांना काही टोचलेलं कळत नाही, म्हणून आम्ही त्या घालतो. साखरवाल्यांचंही पुढे तेच होतं.

इथल्या नर्सने मला एक नवीन पेन दिलंय. जाड, रबरी पकडीचं, माझ्या वाकड्या बोटांत छान बसतं, आणि चुकलं तर खोडताही येतं. पुढचं पत्र त्याने लिहीन.

वहिनीला माझा आशीर्वाद. घाबरट आहे म्हणतोस, काळजी घे हो तिची.

ताई

२४ जानेवारी

ताई,

तुझं वाक्य मंडळात वाचून दाखवलं. दोन बायका रडल्या. पण अध्यक्ष म्हणाले की वाक्य जुन्या काळातलं वाटतं, आजचं हवं. तेव्हा दुसरं पाठवशील का? एखादं हलकंफुलकं चालेल.

उगम मात्र असा सापडलाय की मी दोन रात्री झोपलो नाही. जुन्या वैद्यकात ‘महारोग’ हा एक रोगच नव्हे! बरे व्हायला महाकठीण अशा आठ रोगांना मिळून तो शब्द होता. वातव्याधी, मुतखडा, कुष्ठ, मेह, उदर, भगंदर, मूळव्याध आणि ग्रहणी. पुढे लोकांच्या तोंडी तो आठातल्या एकालाच चिकटला. ‘रक्तपिती’चंही तसंच. मुळात तो नाकातोंडातून रक्त जाण्याचा आजार, लोकांनी उचलून तुमच्या आजाराला लावला. ‘कुष्ठ’ तर कितीतरी त्वचारोगांना मिळून म्हणत. म्हणजे गंमत बघ, एकही शब्द नेमका तुमच्यासाठी घडवलेला नाही! सगळे दुसऱ्यांचे उतरलेले.

मी मंडळाला ठणकावून सांगितलंय की ‘महारोगी’पुढे ‘जुना, अवमानकारक’ असं छापायचं आणि ‘कुष्ठबाधित’कडे बोट दाखवायचं. परवा वाचनालयात याच विषयावर भाषण झालं. ‘शब्द बदला, माणूस आपोआप बदलेल’ असं शेवटी म्हणालो, तर टाळ्या थांबेनात. तू असायला हवी होतीस. अर्थात सभागृह दुसऱ्या मजल्यावर होतं, तुला जिने चढवत नाहीत.

वाक्याचं तेवढं बघ.

तुझा भाऊ

६ फेब्रुवारी

पोपटा,

तुझे आठ महारोग वाचले आणि हसता हसता हातातली रापी खाली पडली. कातडं कापायची असते ती, पायावर पडली असती तर मला कळलंही नसतं. अरे शहाण्या, आठातले दोन तुझ्याकडे आहेत! मेह म्हणजे तुझी साखर, आणि मूळव्याध. माझ्याकडे एक होता, तोही गोळ्यांनी तीस वर्षांपूर्वी गेला. मग आज आपल्या घराण्यात महारोगी कोण उरलं? रबराच्या रिंगवर बसून दुसऱ्याचा अर्थ लिहितोयस, आणि स्वतःच्या बुडाखाली काय आहे ते दिसत नाही. आणि ते बाकीचे सात कसे रे गुपचूप सटकले? सगळे जेवून उठले आणि भांडी एकटीवर पडली तसं झालं आमचं.

असो. आता खरं सांगायचं ते सांगते.

ही वसाहत बंद होतेय. नवे पेशंट येत नाहीत, जुने मरत चालले, जागा मोठी आहे, कुणाला तरी हवीच असणार. मार्चच्या सुरुवातीला सगळ्यांना बाहेर पडायचंय. ज्यांना घर आहे ते घरी. ज्यांना नाही त्यांना शहराबाहेरच्या वृद्धांच्या सदनात एका दालनात चाळीस खाटा. मी बघून आले. खाट वाईट नाही. पण खिडकी नाही आणि चपलांची शेड तर नाहीच.

मला घरी यायचंय.

एवढं लिहायला मला पन्नास वर्षं लागली, तर एकदा परत लिहिते. मला घरी यायचंय. वरची खोली दे, नाहीतर खालचा कोपरा दे. स्वयंपाकघरात जायचं नाही म्हणालास तर जाणार नाही. खरं म्हणजे जाईन, पण आधी खोकून जाईन. माझी पेन्शन आहे, मला कुणाला भार व्हायचं नाही. कार्यालयाचं म्हणणं असं की घरच्या कर्त्या माणसाने लेखी दिल्याशिवाय घरी सोडता येत नाही. सहासष्ट वर्षांच्या बाईला सोडायला त्रेसष्ट वर्षांच्या पोपटाची सही लागते.

नाही म्हणालास तर मी रागावणार नाही. रागावेन, पण तुला कळवणार नाही. फक्त मधलं काही लिहू नकोस. ‘सध्या’, ‘बघू’, ‘हिची तब्येत’ असलं काही नको.

हे पेन हातात घसरायला लागलं. शेवटची ओळ साध्या पेनाने लिहिते.

तुझी लेखी संमती हवी. हो की नाही, एवढंच कळव.

ताई

११ फेब्रुवारी

चि. बाळास,

तू रंगांच्या कारखान्यात रसायनं बघतोस म्हणून एक शंका विचारतो. शंका अगदी सर्वसाधारण आहे.

समजा एखाद्या कागदावर कुणी पेनाने लिहिलंय आणि त्या कागदावरून गरम इस्त्री फिरवली, तर अक्षरं नाहीशी होऊ शकतात का? डागबीग काही न राहता? पान अगदी कोरं? आणि झाली तर ती परत आणता येतात का?

झालं असं की आत्याचं पत्र आलं. आपल्याकडे तिची पत्रं आधी इस्त्री करून मग वाचतात, हे तुला माहीत आहे. तुझे आजोबा करायचे, तेव्हापासूनची सवय. आता तिचा आजार बरा झालाय वगैरे मला सगळं कळतं, मी त्यावर भाषणं देतो. पण तुझी आई घाबरते, तिच्या समाधानासाठी करावं लागतं. तर पहिल्यांदा इस्त्री फिरवली आणि माझ्या डोळ्यांदेखत चार पानं पांढरी झाली! मी ‘अगं अगं’ म्हणेपर्यंत फक्त शेवटची एक ओळ उरली. ती साध्या पेनातली असावी. तीत ती कशाला तरी माझी लेखी संमती मागतेय.

कशाला ते उघड आहे. तिने मला कोशासाठी नवं वाक्य पाठवलं असणार आणि ते छापू का म्हणून विचारत असणार. पण वाक्यच गेलं ना! परत पाठव म्हणावं, तर का म्हणून विचारेल. फोन मला जमत नाही. तेव्हा लवकर कळव.

आईला यातलं काही बोलू नकोस.

बाबा

१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. काय लिहिलंस गं! वाचता वाचता ऊर भरून आला. प्रत्येक ओळ मनाला भिडली. तुला एवढं सगळं एका पत्रात कसं सुचलं याचं नवल वाटतं.

आणि संमती कसली मागतेस? मी काय परका आहे? हो. हो. हो. त्रिवार हो! तू लिहिलंस तसंच्या तसं व्हावं, एक अक्षरही बदलू नये, ही माझी इच्छा. उलट तू हे इतक्या उशिरा विचारलंस याचंच मला वाईट वाटतं. हीच माझी लेखी संमती समज आणि कुणालाही खुशाल दाखव. जे माझं ते तुझंच आहे.

(त्यातलं मुख्य वाक्य तेवढं एका वेगळ्या कागदावर, साध्या पेनाने, परत लिहून पाठवशील का? कार्डाला जोडायला बरं पडेल.)

तुझा भाऊ

१९ फेब्रुवारी

बाबा,

तुमच्या सर्वसाधारण शंकेचं उत्तर. ते खोडता येणारं पेन असतं. त्याची शाई उष्णतेने जाते. पत्र फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, जिथे बर्फ होतो तिथे, रात्रभर ठेवा. थंडीने अक्षरं परत येतात. आत्याला तुमचं पत्र वाचायला एवढी खटपट कधी करावी लागली नसेल.

दुसरं. आई घाबरते? आई पाल हाताने शेपटीला धरून बाहेर टाकते. मी दहा वर्षांचा असताना मला गोवर झाला होता, तेव्हा ती माझ्या पांघरुणात झोपली होती आणि तुम्ही कार्यालयात झोपला होतात. इस्त्री तुमच्या हातात होती ना? मग तुम्ही घाबरता. ‘तुझी आई घाबरते’ऐवजी ‘मी घाबरतो’ लिहायला तीन अक्षरं कमी लागतात.

न वाचता कशालाही हो म्हणू नका, एवढं मात्र ऐका.

तुमचा मुलगा

२० फेब्रुवारी

पोपटा,

तुझं पत्र पोचलं. तीनदा ‘हो’ वाचून डोळ्यांतून पाणी आलं. कार्यालयात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, इतकी मनमोकळी संमती आजवर कुणाच्या घरून आली नाही. कारकुनाने ती फायलीला लावली आणि शिक्का मारला. सदनातली माझी खाट शेडवरच्या एकीला दिली, तिला कुणीच नाही. स्टोव्हही तिलाच दिला.

६ मार्चला संध्याकाळच्या बसने येते. सामान फार नाही.

ताई

२५ फेब्रुवारी

ताई,

तुझं ६ तारखेचं पत्र काल पुन्हा एकदा नीट, सावकाश वाचलं. पहिल्या वेळी भावनेच्या भरात काही भाग ओझरता वाचला गेला होता.

तू यावंस ही माझी मनापासून इच्छा आहे. त्याबद्दल शंकाच घेऊ नकोस. पण सध्या जरा अडचण आहे. वरच्या खोलीला जिना आहे आणि तुला जिने चढवत नाहीत. खालच्या खोलीत माझं काम चालतं, कार्डं पसरलेली असतात, एक हललं तर ‘म’चा ‘य’ होईल. शिवाय हिची तब्येत. ही बोलून दाखवत नाही, पण मनातून घाबरते. शेजारीपाजारी काय म्हणतील याची मला पर्वा नाही, पण तुलाच उगाच ऐकून घ्यावं लागेल. तुझ्या मनाला लागेल याचीच मला काळजी.

तेव्हा सध्या तू सदनात राहावंस, आम्ही दर महिन्याला भेटायला येऊ. सहा महिन्यांत कोश छापून झाला की बघू. कार्यालयातलं माझं पत्र परत घेता आलं तर बरं. म्हणावं, भाऊ वाहवत गेला.

कोशात तुझे आभार मानायचं मी ठरवलंय. नावानिशी.

तुझा भाऊ

२ मार्च

पोपटा,

‘सध्या’, ‘बघू’, ‘हिची तब्येत’. तिन्ही आले. मी लिहून ठेवलं होतं तरी आले.

आता ऐक. वहिनी मला दर रविवारी फोन करते. तू वाचनालयात व्याख्यानं ऐकायला जातोस ना, तेव्हा. अकरा वर्षं झाली. तू इस्त्री करतोस हे तिने मला पहिल्याच वर्षी सांगितलं. त्यावरून ती तुझ्याशी भांडली होती, तेव्हा तू तिला म्हणालास, ‘ताईला वाटेल तुलाच भीती वाटते, तेच बरं.’ आठवतंय? तिला आठवतंय. तुझ्या घाबरटपणाचं गाठोडं इतकी वर्षं ती बाई डोक्यावर घेऊन फिरतेय आणि वर तुला साखरेचं पथ्य करून घालतेय.

पेनाचं मला माहीत होतं. शेडवर रबर तापवायचं यंत्र आहे. त्याच्याजवळ एकदा चपलेची मापं लिहिलेला कागद ठेवला आणि मापं उडून गेली. वहिनी फोनवर म्हणाली, मी सांगते त्यांना, सरळ घरी घेऊन येते तुम्हाला. मी म्हटलं, नाही. मी त्याला लिहून विचारणार. मी मनाशी ठरवलं होतं, पोपटाने इस्त्री न करता वाचलं, तर तो म्हणेल ते मान्य. ‘नको’ म्हणाला तरी निमूट सदनात जाईन. आणि इस्त्री केली, तर ‘नको’ म्हणायचा त्याचा हक्क संपला. मग तो लाजेने काय लिहील ते मला ठाऊक होतं. तू लहानपणीही पाठ नसलेला धडा सगळ्यात मोठ्याने म्हणायचास.

डाव टाकला म्हणशील. टाकलाच. शेवटची ओळ साध्या पेनाने लिहिली तीही त्याचसाठी.

पण एक सांगते. पाकीट पेटीत टाकताना मी देवाची करुणा भाकली की तू इस्त्री करू नयेस. तुझं ‘हो, हो, हो’ आलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाने नाही. ‘नको’ आलं असतं ना, तर मी ते जपून ठेवलं असतं. म्हटलं असतं, माझ्या भावाने माझं पत्र वाचलं.

मग पत्र मटारच्या पिशवीखाली ठेवलंस म्हणे. वहिनी मटार काढायला गेली आणि तिने ते तुझ्याआधी वाचलं. सरकवून परत ठेवलं. त्या रात्री तू जेवला नाहीस, हेही तिने सांगितलं. तेवढं मात्र मला बरं वाटलं.

कार्यालयातलं पत्र परत मिळणार नाही. शिक्का बसलाय. तूच म्हणालास, एक अक्षरही बदलू नये.

तुझ्या चपला झाल्या. तू माप पाठवलं नाहीस, पण वहिनीने पाठवलं. दुपारी तू झोपलेला असताना तिने तळव्याला कागद लावून पेन्सिल फिरवली. तुला गुदगुल्या झाल्या नाहीत का रे? जाग आली नाही? मला त्याची काळजी वाटते. बाकी तुझ्या कशाचीच नाही.

बसला वहिनी येईल. तू नाही आलास तरी चालेल.

ताई

१० मार्च, वरून खाली

ताई,

हिने माझ्या कार्डांचे खोके वर आणून टाकलेत आणि खालची खोली तुला दिलीय. मला विचारलं नाही. हरकत नाही. ‘म’चा ‘य’ झाला नाही.

तीन दिवस मी वरच जेवतोय, ते कामाच्या घाईमुळे. गैरसमज नको. छापखान्याचा निरोप आलाय, ‘महारोगी’चं कार्ड सोडून सगळी गेली. अर्थ झाला, उगम झाला, उदाहरण राहिलंय. अध्यक्षांना आजचं वाक्य हवंय. तू या चिठ्ठीच्या मागेच लिहून दिलंस तरी चालेल.

चपला वर पोचल्या. अजून घातल्या नाहीत. मापाला बरोबर दिसतात.

भाऊ

१० मार्च, खालून वर

पोपटा,

वहिनी म्हणते, दिवसातून चारदा चिठ्ठ्या घेऊन जिना चढायला मी टपाल खात्यात नाही. ही शेवटची आणतेय.

उदाहरण तुझं खाली जेवायला थांबलंय. येऊन बघ आणि मग काय लिहायचं ते लिही.

कणीक मी मळली. वहिनीने परात स्वतः माझ्या हातात दिली. पोळ्या गरम आहेत. ताटही मीच वाढलंय, तेव्हा तुला भीती वाटत असेल तर लाजू नकोस, सांग. इस्त्री खाली आणून दे, ताटावरून फिरवून देते.

ताई

त्याच चिठ्ठीच्या मागे, पेन्सिलीने

इस्त्री नको. चपला घालतोय. आलो.